नाजुकाची चौकशी

सडाला हात लागताच नाजुकानं लाथ झाडली, बादली कलंडली आणि म्हशीवाली कास चाचपायला वाकली. कास टणक, तापलेली, एका सडातून दुधाऐवजी पिवळट पाणी. आता गंमत बघा, गावाच्या लेखी ही म्हैस कायमचीच आजारी. म्हणून तर नाव नाजुका पडलं. अंगानं ही धोंड, पण दर महिन्याला जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर तिला बघायला दारात हजर. आज ती पहिल्यांदाच खरी आजारी पडली होती.

ड्रेसरला सगळे टिंचर म्हणायचे, अंगाला वासच तसा. डॉक्टरकडे आसपासच्या सगळ्या गावांचा कारभार, ते उगवायचे कधीतरी. सुई टोचण्यापासून वासरू ओढून काढण्यापर्यंत सारं टिंचरच करायचा. तो सायकलवरून लांबूनच ओरडायचा, "ताई, म्हैस कशी आहे?" आणि जंताच्या औषधाच्या डब्यातून म्हशीवालीच्या गोळ्या काढून गव्हाणीत ठेवायचा. एचआयव्हीच्या गोळ्या. नवरा जाताना ते दुखणं मागं ठेवून गेला होता.

दोघांची गाठ पडली ती शहरातल्या इस्पितळात, गोळ्यांच्या बाकावर. ती पदराआड, तो रुमालाआड. त्यालाही तेच दुखणं, त्याच गोळ्या. तिला म्हैस सोडून शहर गाठणं अवघड, त्याला दवाखान्याची औषधं आणायला जावंच लागायचं. तोच दोघांच्या आणेल असं ठरलं. सख्ख्या भावानं तिचा उंबरा चढायचं सोडलं होतं, हा चढत होता. तिनं त्यालाच भाऊ मानला.

ती तडक दवाखान्यात गेली. ओसरीवर शेळीवाली म्हातारी आणि एक बैलवाला होता. ती दिसताच बोलणं थांबलं.

"भाऊ, नाजुकाची कास सुजलीय. चला लवकर."

टिंचरनं कापसातून मान वर काढली नाही. "डॉक्टर आले की सांगतो."

"ते येईपर्यंत सड जाईल. तुम्हीच पिळून औषध भरा की."

"हातमोजे संपलेत."

"ह्या बैलाची जखम उघड्या हातानं धुतलीत आत्ता."

म्हातारी मध्ये पडली. "त्याच्या मागं नको लागूस, बाई. त्याला लेकरंबाळं आहेत. दया म्हणून तुझ्या गोळ्या आणत होता, तेच खूप झालं."

म्हशीवालीला आधी काही उमगेना. बैलवाल्यानं उलगडून सांगितलं. "आमच्या मेव्हण्यानं ह्याला इस्पितळात त्या बाकावर बघितलं. आम्ही विचारलं, तर म्हणाला, माझं काय काम तिथं, म्हशीवालीचं औषध आणतो. आणि हे बघ, उद्यापासून तुझं दूध नको आम्हाला."

केसानं गळा कापला मेल्यानं. एक वाक्य बोलली असती तर टिंचर त्याच ओसरीवर आडवा झाला असता. पण मग दोघंही बुडाली असती, आणि ह्या लोकांना बसल्या जागी तमाशा मिळाला असता. तिनं ते गिळलं.

"दुधानं काही होत नाही," ती म्हणाली. "खोटं वाटत असेल तर ह्याला विचारा. ह्याला चांगलं माहीत आहे."

टिंचर हातातल्या बाटलीचं बूच घट्ट लावत बसला.

मग काय, नाजुकाला दावं लावलं आणि निघाली पायी शहराकडे. मातीचा रस्ता, वर ऊन, म्हैस मागचे पाय फाकवून चालतेय आणि ही तिला शिव्या घालतेय, त्या खरं तर कुणाला ते म्हशीलाही कळत असावं. शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरनं कास पिळली, सुया दिल्या. "एक सड गेला. सकाळीच औषध द्यायला हवं होतं. गावात दवाखाना नाही का?"

"आहे," ती म्हणाली. "कुणाला आहे, कुणाला नाही."

रस्त्यापलीकडेच माणसांचं इस्पितळ. नाजुकाला झाडाला बांधून ती गोळ्यांच्या रांगेत गेली, पदर न घेता. बाकावर टोकाला रुमालाआड टिंचर, सायकलवरून आधीच पोचलेला. त्यानं सरकून जागा केली. गोळ्या घेऊन ती तिथं बसली.

"ताई, तुम्ही बोलला नाहीत," तो पुटपुटला. मग सवयीनं, पण अगदी दबक्या आवाजात, "म्हैस कशी आहे?"

"तीन सडांवर आहे."

"माझी चूक झाली. घाबरलो. पुढच्या महिन्यापासून परत आणतो, चुपचाप."

"आता चुपचाप कशाला? माझं लपवायचं काय ठेवलंत?" ती गोळ्या पदरात बांधत उठली. "लपवायचं तुम्हाला आहे. गावातून इथपर्यंत येताना कुणी बघेल अशी भीती वाटत असेल, तर तुमच्या गोळ्या मी आणत जाईन. मात्र द्यायला दवाखान्यात येईन, ओसरीवर माणसं असतील तेव्हा."

टिंचरनं रुमाल आणखी वर ओढला. बाहेर नाजुका रेकत होती. म्हशीवालीनं जाऊन दावं सोडलं आणि दोघी परत निघाल्या.