मी नऊ वर्षांपूर्वी बदललेला पट्टा

नोंद वाचाल तर मी आता अस्तित्वातच नाही. नऊ वर्षांपूर्वी मला काढून टाकलं, असं तारीख घालून, सुंदर अक्षरात लिहून ठेवलेलं आहे. तरीही हे बोलतोय तो मीच, इमाबारीच्या शिराइशी सरांच्या लाल गाडीचा टायमिंग बेल्ट.

माझं रूप सांगण्यासारखं नाही. काळ्या रबराचा गोल पट्टा, आतून ओळीनं दात. इंजिनातल्या खालच्या दांड्याचं फिरणं वरच्या दांड्यांपर्यंत पोचवायचं, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात आणि वेळेवर मिटतात, एवढंच माझं काम. ते नीट चाललेलं असताना माझी आठवण कोणाला येत नाही. मी तुटलो तर मात्र गाडी जिथे असेल तिथे बंद पडते, आणि पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटून इंजिनाचा चुराडा होतो. म्हणून आम्हाला दहा वर्षांनी किंवा लाख किलोमीटरला बदलायचं असतं.

मी झाकणाखाली अंधारात राहायचो. दिसायचं काही नाही, पण ऐकू सगळं यायचं.

एकतीस वर्षांपूर्वी सरांनी ही गाडी घेतली, तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि शाळेत गणित शिकवत होते. मुख्याध्यापक गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले होते, "राखाडी रंगात मिळत नव्हती का हो?" घरी सरांची बायको, फुमिए, म्हणाली, "हिला दोनच जागा आहेत."

"हो. स्पोर्ट्स कार आहे ना."

"एका जागेवर तुम्ही. दुसऱ्या जागेवर चिनात्सु. मी कुठे?"

चिनात्सु म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. गणिताचे शिक्षक, पण एवढी वजाबाकी करायची राहून गेली होती.

तरी आम्ही मजेत होतो. सर छप्पर उघडून शाळेत जायचे. पुढे चिनात्सु याच गाडीवर चालवायला शिकली. पहिल्या दिवशी तिनं इंजिन अकरा वेळा बंद पाडलं. अकराही वेळा मी मुकाट्यानं पुन्हा सुरुवात केली.

दहा वर्षं झाली, वीस झाली. माझ्या पाठीला बारीक भेगा पडल्या. दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी व्हायची, पण ती दिव्यांची, ब्रेकची, धुराची. माझ्यापर्यंत कोणी पोचायचं नाही. बाविसाव्या वर्षी, सत्त्याण्णव हजार किलोमीटर झाल्यावर सरांना जाग आली. ते तेव्हा निवृत्त होऊन घरी बसले होते. गॅरेजवाला तोकुनागा त्यांचाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, सोडून जा गाडी. संध्याकाळी न्या."

"अरे, मी स्वतः बदलणार आहे. पुस्तक वाचलंय."

तोकुनागानं आदरानं नवा पट्टा खोक्यात घालून दिला.

तो शनिवार मी विसरणार नाही. सरांनी वरचं झाकण काढलं, माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि "अरेरे" म्हणाले. मला बरं वाटलं. सुटका होणार होती. पण मला बाहेर काढायचं तर इंजिनातल्या खालच्या दांड्यावरच्या चाकाचा मोठा बोल्ट आधी सुटायला हवा, आणि तो काही सुटेना. सरांनी तेल सोडलं. पान्याला पाइप लावून त्यावर उभे राहिले. शेवटी वर्गातल्या आवाजात त्याला म्हणाले, "तुला शेवटचं सांगतोय." बोल्ट विद्यार्थी नव्हता.

दुपार उलटली आणि अंगणात पावलं वाजली. फुमिएनं शुभकार्याला करतात तो लाल घेवड्याचा भात केला होता. शेजारच्या ओगाता काकूंनाही बोलावलं होतं.

"झालं का हो?" फुमिएनं आनंदानं विचारलं.

सरांनी घाईघाईनं झाकण परत बसवलं. "झालंच," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"चालू करून दाखवा की!" ओगाता काकू म्हणाल्या.

सरांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. का होणार नाही? बदललं काहीच नव्हतं. दोघींनी टाळ्या वाजवल्या. नव्या पट्ट्याच्या खोक्यात एक स्टिकर असतो, त्यावर पट्टा बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून तो इंजिनापाशी लावायचा. काकूंनी तोही शोधून हातात दिला. भात निवत होता. सरांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि स्टिकर थेट माझ्या झाकणावर लावला.

पुढच्या रविवारी गुपचूप बदलू, असं ते मनाशी पुटपुटले. तो रविवार नऊ वर्षं आला नाही.

नवा पट्टा त्यांनी कुठेतरी लपवला. कुठे, ते मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून सरांचं चालवणं बदललं. चढावर ते इतकं हळू जायचे की सायकलवाले मागून घंटी वाजवायचे. रोज सकाळी बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणायचे, "आजचा दिवस सांभाळ."

आणि फुमिएचं एक नवीनच सुरू झालं. सर म्हणायचे, "बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्याला, कोचीला, समुद्र बघायला जाऊ या का?" ती म्हणायची, "रेल्वेनं जाऊ. गाडीत माझी कंबर धरते." गरम झऱ्यांवर जायचं तरी रेल्वे. गाडीनं जायचं ते फक्त भाजीला, दवाखान्यात आणि टपाल टाकायला. सर उसासा टाकायचे, "माझी गाडी हिला कधी आवडलीच नाही." पण त्या उसाशात थोडी सुटकाही असायची. सुटकेचा उसासा मला ओळखता येतो. मी पण तोच टाकत होतो. नऊ वर्षांत आम्ही जेमतेम सहा हजार किलोमीटर चाललो, म्हणूनच मी टिकलो.

या वर्षी सरांना पंचाहत्तर पूर्ण झाली. लायसन्स परत करायचं त्यांनी ठरवलं आणि गाडी चिनात्सुला दिली. ती कानाझावाला नोकरी करते. शनिवारी येणार आणि रविवारी गाडी घेऊन निघणार. समुद्रावरचे सगळे पूल ओलांडून, मोठ्या रस्त्यानं, एका दमात पाचशे किलोमीटर.

ते ऐकलं आणि मी मनात हिशेब केला. माझे तीन दात मुळापासून हलत होते. पाचशे काय, मला पन्नासचीही खात्री नव्हती. चिनात्सु वेगात असताना पुलाच्या मध्यावर मी तुटलो तर?

सरांनीही हाच हिशेब केला असावा. शुक्रवारी सकाळीच आम्ही तोकुनागाच्या गॅरेजात पोचलो.

"तोकुनागा, तेवढा टायमिंग बेल्ट बदलून टाक रे."

"सर, तुम्हीच तर बदललाय. नऊच वर्षं झाली, किलोमीटर तर काहीच नाहीत. इतक्यात कशाला?"

"तरीपण. मनाला बरं वाटेल."

"छे छे, सर! तुम्ही हातानं बसवलेला पट्टा मी काढू? अहो, नवीन गिऱ्हाईक आलं की मी या स्टिकरचा फोटो दाखवतो. म्हणतो, बघा, आमच्या सरांनी सहासष्टाव्या वर्षी स्वतः बदलला, आणि तुम्हाला साधं चाक बदलता येत नाही!"

परत येताना सरांनी दोनदा चुकीचा गिअर टाकला.

शनिवारी चिनात्सु आली. आल्या आल्या तिनं बॉनेट उघडलं आणि स्टिकर वाचला. "बाबा, तुम्ही स्वतः केलंय ना, मग मला कसली काळजी!"

"तू रेल्वेनं जा," सर म्हणाले. "गाडी ट्रकवरून पाठवू."

"गाडी न्यायलाच आलेय ना मी?"

"उद्या पाऊस आहे."

"छप्पर आहे."

"कॅलेंडरवर उद्याचा दिवस अशुभ छापलाय."

चिनात्सु हसतच सुटली. "बाबा, तुम्ही? दिवस पाहून लग्न ठरवणाऱ्या मावशीची जन्मभर थट्टा केलीत तुम्ही!"

"माणूस बदलतो," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात अजिबात दम नव्हता.

रविवारी सकाळी सगळे फाटकाशी जमले. ओगाता काकूंनी संत्र्यांची पिशवी आणि आमच्या गावचे नावाजलेले दोन टॉवेल आणले होते. तोकुनागाही निरोप द्यायला आला होता. चिनात्सुनं इंजिन चालू केलं. मी फिरू लागलो, आणि पहिल्याच फेरीत एक दात अर्धा फाटला. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

तेवढ्यात अगदी समोरून, बॉनेटच्या पुढून सरांचा आवाज आला.

"चिनात्सु, इंजिन बंद कर."

"काय झालं, बाबा?"

"आधी बंद कर. तो पट्टा मी बदललेला नाही."

इंजिन थांबलं. कोणाला काही कळेना. ओगाता काकूंनी विचारलं, "मग कोणी बदलला?"

"कोणीच नाही. बोल्ट सुटला नाही. मी झाकण लावलं आणि खोटं लिहिलं. नऊ वर्षं खोटं बोललो. तुझ्याशी, तुझ्या आईशी, तोकुनागाशी. मला माफ करा."

कपडे सळसळले. सर खाली वाकले असणार, आणि वर येत नसणार, कारण थोड्या वेळानं फुमिए म्हणाली, "अहो, उठा आता. चक्कर येईल. मला माहीत आहे ते."

"काय माहीत आहे?"

"पट्ट्याचं. नवं खोकं तुम्ही कुठे लपवलंत?"

"चिनात्सुच्या बाहुल्यांच्या पेटीत. तळाशी." सरांचा आवाज एकदम बारीक झाला. "ती मोठी झाली. पेटी आता कोण उघडणार, म्हटलं."

"मी उघडते. दर मार्चमध्ये मुलींचा सण येतो, तेव्हा बाहुल्या काढते, झटकते, मांडते आणि परत ठेवते. नऊ वर्षं तुमचं खोकंही झटकून परत ठेवतेय. तुम्ही त्याच खोलीत बसून पेपर वाचत असता."



"मग," सर हळू म्हणाले, "तुझी कंबर?"

"कंबरेला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे. स्टेशनपासून लांब गाडी बंद पडली तर चालत यावं लागलं असतं, म्हणून म्हणत होते."

चिनात्सुला हसू आवरेना. मग हसता हसता ती रडायला लागली. "आई, तू बोलली का नाहीस?"

"हे स्वतः सांगतील म्हणून वाट बघितली. आज तू निघायच्या आधी यांनी सांगितलं नसतं, तर मी सांगणारच होते." मग तिचा आवाज खाली आला. "शिवाय भात मीच केला होता ना. पातेलं घेऊन दारात उभी राहिले, आणि यांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही."

तोकुनागा घसा खाकरून म्हणाला, "सर, शंभर-दीडशे गिऱ्हाइकांना तरी तो फोटो दाखवला हो मी."

"माझं चुकलं रे."

"असू द्या. अक्षर तर छानच आहे. चावी द्या."

त्यानं गाडी ओढून नेली आणि रविवार असूनही गॅरेज उघडलं. त्याच्या यंत्रानं तो बोल्ट घुर्र करून तीन सेकंदांत सोडवला. सरांनी "बस? एवढंच?" असं विचारलं, ते कोणी ऐकलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं. मग एकतीस वर्षांनी मी उजेडात आलो. तोकुनागानं मला हातात घेऊन वाकवलं आणि दोन दात टपकन त्याच्या तळहातावर पडले. चिनात्सु सरांना बिलगली.

पेटीतला नवा पट्टाही त्यांनी आणला होता. पण रबर ते रबरच. बाहुल्यांखाली निजून निजून तोही कडक झाला होता. बिचारा एक फेरीही न फिरता निवृत्त झाला. मंगळवारी ताजा पट्टा आला आणि बसला. जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, म्हणजे काम खरंच झालं हे दिसतं, अशी इथल्या गॅरेजची रीत आहे. तोकुनागानं मला खोक्यात घालून सरांच्या हातात दिलं. "सर, यावेळी पुरावा घेऊन जा."

चिनात्सु म्हणाली, "मी उद्या निघते. आज तुम्ही दोघं जाऊन या." दोघं गेले. सगळे पूल ओलांडून पलीकडे ओनोमिचीला गेले, वाफाळत्या नूडल्स खाल्ल्या आणि परत आले. फुमिएची टोपी वाऱ्यानं समुद्रात गेली. मी घरी खोक्यात होतो. पण परत आल्यावर ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की मला सगळं कळलं. गाडी तिला पहिल्यापासून आवडत होती.

गाडी आता कानाझावात आहे आणि सरांचं लायसन्स सरकारजमा झालंय. मी फुमिएच्या स्वयंपाकघरातल्या खणात असतो. घट्ट बसलेल्या झाकणाभोवती मला गुंडाळलं की पकड चांगली बसते, हे तिनंच शोधून काढलं. उरलेले दात अजून कामाचे आहेत.

तुम्हाला एकच विनंती. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर तिच्या पट्ट्याचं वय एकदा विचारा. नुसती नोंद वाचून पुढे जाऊ नका, झाकण काढून बघा. आम्ही आतून हाक मारू शकत नाही.

परवा लोणच्याच्या बरणीचं झाकण काही केल्या हलेना. सरांनी मला गुंडाळून दोनदा जोर केला. मग हात खाली घेतले आणि म्हणाले, "फुमिए, हे मला जमत नाहीये."

"राहू द्या," ती म्हणाली. "आज लोणच्याऐवजी मुळा खाऊ."