बाईंनी नदी स्वच्छ केली

भूगोलाच्या बाईंना मुलं पाठीमागे 'गाळणी' म्हणत, आणि बाईंना ते चांगलं माहीत होतं. राग तर सोडाच, त्यांना त्याचा थोडा अभिमानच वाटे. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या एखाद्या वहीत चूक राहिली असेल तर शपथ! खाडाखोड दिसली की त्यांच्या अंगावर पाल पडल्यासारखं होई. मूल बोलायला उभं राहिलं तरी तेच. पहिल्या वाक्यात त्याला दोनदा थांबवणार, दुसऱ्यात तीनदा. तिसरं वाक्य बहुतेक मुलं बोलतच नसत.

अशा बाईंच्या गळ्यात मुख्याध्यापकांनी यंदा 'जोडवर्ग' मारला. म्हणजे काय, तर आपल्या शाळेची आठवी आणि नदीच्या खालच्या अंगाला वीस किलोमीटरवर असलेल्या दुसऱ्या शाळेची आठवी, दोघींनी मिळून इंटरनेटवर एकच पान लिहायचं. पानाचं नाव 'आपली नदी'. इकडच्या मुलानं लिहायचं, तिकडच्यानं त्याच्याखाली लिहायचं, आणि सगळ्यांना सगळं दिसायचं.

"म्हणजे एका वहीत ऐंशी मुलं?" बाईंनी विचारलं.

"अगदी बरोबर!" मुख्याध्यापक खूश होऊन म्हणाले.

"मग तपासणार कोण?"

मुख्याध्यापक हसले आणि फाइल शोधायला लागले. पुढचा सगळा घोटाळा या न दिलेल्या उत्तरातून झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिले तीन आठवडे बाईंनी त्या पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुलं संगणकाच्या खोलीत बसून लिहायची, घरून कुणाकुणाच्या फोनवरून लिहायची, आणि बाई इकडे फळ्यावर खंड आणि महासागर शिकवत होत्या. मग एका सोमवारी मुख्याध्यापक म्हणाले, "उद्या पालकांना आपलं पान दाखवायचंय, बाई. एकदा नजर टाका." नजर टाका! गाळणीला सांगताय नजर टाका!

दुपारच्या मोकळ्या तासाला बाई संगणकाच्या खोलीत एकट्याच बसल्या. चष्मा पुसला, पान उघडलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. चौदा पानं! कुणी नदीचा उगम लिहिलाय, कुणी मासे, मध्येच कुणाची म्हैस वाहून गेलेली. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. आणि पानोपानी हे असलं काहीतरी पेरलेलं:

'सोडलं. ११.४७.'

'आलं. ४.५२. आज हळू आलं गं.'

'आज सोडलंच नाही. बिंदास जा.'

'सोडलं. १२.०५. ऊशीर आहे, बूट घालून जा.'

"हा अभ्यास आहे की चिठ्ठ्या टाकायचा डबा?" बाई मोठ्यानं म्हणाल्या, आणि पदर खोचून कामाला लागल्या.

आधी शुद्धलेखन. मग म्हैस गेली. मग त्या सगळ्या 'सोडलं' नि 'आलं' यांचा नंबर लागला. एकेक ओळ धरायची आणि पुसायची. हात बसला तसा वेगही आला.

आता गंमत ऐका. पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक लाल गोल होता आणि त्यात आकडा होता. बाई बसल्या तेव्हा तिथे काहीच नव्हतं. थोड्या वेळानं तीन दिसले. मग नऊ. बाईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांना उलगडा झाला. लाल रंग, आकडा. दुसरं काय असणार? यंत्र राहिलेल्या चुका मोजतंय! त्यांना यंत्राबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. त्यांनी आणखी जोरात पुसायला घेतलं. आकडा सतरा झाला. "अरे, वाढतायत कशा?" बाईंना घाम फुटला. पुसतील तेवढ्या चुका वाढत होत्या. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा चौदा पानांची चार पानं झाली होती, अगदी आरशासारखी लख्ख, आणि लाल गोलात एकसष्ट हा आकडा होता. "मेलं बिघडलेलं दिसतंय," म्हणून बाईंनी संगणक बंद केला.

शिक्षकांच्या खोलीत जाऊन त्या चहाचा पहिला घोट घेतात न घेतात, तोच फोन वाजला. पलीकडच्या शाळेतल्या बाई होत्या. वयानं लहान, आवाज मऊ.

"बाई, तुम्ही पान साफ करत होतात का हो?"

"हो, झालंसुद्धा. तुमच्याही मुलांचं तपासून टाकलं. त्यात काय एवढं!" बाईंना वाटलं, आभार मानायला फोन आलाय.

पलीकडच्या बाई म्हणाल्या, "आमच्या वर्गात भिंतीवर मोठं पान उघडं होतं. तुमच्या नावाची खूण फिरत होती आणि ओळी जात होत्या. सगळी मुलं बघत होती. बाजूच्या चौकटीत एकसष्ट वेळा लिहिलं त्यांनी."

"काय लिहिलं?"

"बाई, थांबा."

बाईंनी कप खाली ठेवला.

मग पलीकडच्या बाईंनी 'सोडलं' आणि 'आलं' म्हणजे काय ते सांगितलं. वर बंधारा आहे. त्याची दारं उघडली की पाणी पाच तासांनी त्यांच्या गावात पोचतं आणि शाळेच्या वाटेवरचा बुटका पूल घोटाभर पाण्याखाली जातो. शाळा साडेचारला सुटते. पाणी कधी त्याआधी येतं, कधी नंतर, कधी येतच नाही. मुलं रोज जाऊन पुलाशी उभी राहणार, पाणी दिसलं की मागे फिरून लांबच्या वाटेनं तासभर चालणार. "पण अठरा दिवसांपूर्वी तुमच्या एका मुलीनं आपणहून लिहिलं की दारं उघडताना मला दिसतं, सांगू का? तेव्हापासून ती वेळ कळवते, आमची मुलं पाणी पोचल्याची वेळ लिहितात. आता वेग काढायला शिकलीत सगळी. वीस दिवस पुरे झाले की तक्ता करणार होतो."

"कुठली मुलगी?"

"मनी म्हणतात ना तिला?"

बाईंना क्षणभर चेहराच आठवेना. मग आठवला. शेवटचा बाक, खिडकीकडचा. आली कधी, गेली कधी, पायाचा आवाज नाही, म्हणून मुलांनी नाव ठेवलं मनी. वर्षभरात बाईंच्या तासाला ती एक अक्षर बोलली नव्हती. बाईंनी तिला 'मठ्ठ नाही, पण थंड' अशा रकान्यात टाकून दिलं होतं.

संगणकाचे सर बाईंचेच जुने विद्यार्थी. बाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, मी फार मोठी माती खाल्ली."

सरांनी ऐकून घेतलं, दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि चौदाच्या चौदा पानं परत आणली, म्हशीसकट. "काही हरवत नाही यात, बाई. कालचं पान, परवाचं पान, सगळं असतं."

"आणि कुणी पुसलं तेही दिसतं?"

"दिसतं. नाव येतं, वेळ येते."

"सगळ्यांना?"

सरांनी मान हलवली.

मंगळवारी पालक आले, पान पाहिलं, वा वा म्हणाले. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. मधल्या सुट्टीनंतर त्या तीनदा संगणकाच्या खोलीत जाऊन आल्या. पलीकडून ओळी येत होत्या. 'मनी, आज सोडलं का?' 'मनी?' मग चार वाजता, 'सांग ना.' खाली काही नाही. संध्याकाळी साडेपाचला एकानं लिहिलं, 'आज पुलापर्यंत जाऊन परत आलो. लांबून गेलो सगळे.' बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

बुधवारी सकाळी त्या पहिल्या तासाला वर्गात आल्या, हजेरी घेतली, आणि वही मिटून म्हणाल्या, "सोमवारी मी तुमच्या पानाची वाट लावली. न विचारता, न वाचता. चूक माझी होती." गाळणी चुकली, हे ऐकायची कुणाला सवय नव्हती. बाई शेवटच्या बाकापर्यंत चालत गेल्या.

"काल लिहिलं नाहीस गं?"

मनीनं बाकाकडे बघत अगदी हळू आवाजात सांगितलं, "तुम्ही काढलंत, म्हणजे चुकलंच असणार ना."

यात टोमणा असता तर बाईंना बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पण ती मुलगी मनापासून बोलत होती. बाईंना एकदम रडू आलं, आणि इतक्या मुलांपुढे रडायचं कसं, म्हणून त्या नाक शिंकरत फळ्याकडे वळल्या.

मधली सुट्टी झाली तशी मनी डबा घेऊन निघाली. शाळेच्या मागून दहा मिनिटांवर बंधारा होता आणि तिचे वडील तिथे दारं उघडायच्या कामावर होते. ती रोज त्यांचा डबा पोचवून तिथेच जेवायची आणि वडिलांच्या फोनवरून पलीकडे कळवायची. बाईंनी छत्री घेतली, ऊन फार होतं, आणि तिच्यामागे चालायला लागल्या. मनीनं एकदा वळून पाहिलं. पळाली मात्र नाही.

वडील मुलीच्या अगदी उलट, तोंडाचा पट्टा चालूच. "या, या, बाई! अहो, काल हिनं फोनला हातच लावला नाही. मी म्हटलं, अगं, पोरं वाट बघत असतील. तर म्हणे, माझं चुकतं. असं काय चुकतं हो हिचं?"

"तिचं नाही, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. आज हे वाक्य दुसऱ्यांदा तोंडातून निघत होतं आणि पहिल्यापेक्षा जरा सोपं गेलं.

तेवढ्यात वडिलांचा फोन वाजला. त्यांनी "हो साहेब" म्हटलं, घंटा दिली आणि चाक फिरवायला गेले. दारं करकरत वर सरकायला लागली. मनी कठड्याला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. बाईंनी दोन मिनिटं वाट पाहिली. ती हलेना. शेवटी बाईंनी आपला फोन काढला, पान उघडलं आणि एका बोटानं लिहिलं, 'सोडलं. ११.४०.'

लगेच पलीकडून ओळ उमटली. 'खांबाला लागलं का?'

"कुठला खांब?" बाई गोंधळल्या. "दार उघडलं की पाणी सुटलंच ना?"

मनीनं बोट दाखवलं. खाली, बरंच दूर, पात्रात कसला तरी खांब होता. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, डोळे बारीक केले. त्यांना नुसतं पांढरं ऊन दिसत होतं.

'खांबापासून मोजतो आम्ही,' पलीकडून आलं. 'दार हळू उघडतं. कोण लिहितंय?'

"मला काही दिसत नाही बाई," बाई म्हणाल्या. "मी चुकीचं लिहून बसले. आता ही पोरं चुकीच्या वेळेला पुलावर जातील. काय करू?"

त्यांनी हे शिकवायच्या आवाजात विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं काय करावं ते. मनी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिनं बाईंच्या हातातून फोन घेतला, बाईंची ओळ पुसून टाकली आणि खांबाकडे नजर लावून थांबली. थांबली, थांबली, आणि मग लिहिलं, 'सोडलं. ११.४६. आज जोरात आहे. आधीच निघा.'

'मनी!!' पलीकडून एकदम पाच-सहा ओळी आल्या. 'आलीस!' 'काल कुठे होतीस?' 'ते आधीचं कुणी लिहिलं?'

मनीनं जराही न अडखळता लिहिलं, 'बाईंनी. त्याना खांब दिसत नाही.'

"हे सांगायची काही गरज होती का गं?" बाई म्हणाल्या. मनी खुदकन हसली. बाईंनी तिचं हसू पहिल्यांदाच ऐकलं. 'त्याना'वरचा अनुस्वार राहिलाय, हे त्यांना दिसलं होतं. राहू दे मेला.

पलीकडून उत्तर आलं. 'आम्हाला पण दिसत नाही. म्हणून तर तुला विचारतो.'

मनीनं ती ओळ वाचली. फोन दोन्ही हातांत धरून ती पुन्हा पहिल्यापासून वाचत होती. वडील चाक सोडून घाम पुसत आले आणि डबा उघडत म्हणाले, "चला, जेवून घ्या, बाई, तुम्हीही." बाईंनी त्यांना हातानंच थांबा म्हटलं, कारण मनी लिहीत होती.

'उद्या पण सांगते,' तिनं लिहिलं.