खंडेनवमीला घासून काढलेला प्रोसेसर

मी चंदनच्या संगणकातला पंखा बोलतोय. दोष रत्नाकररावांचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या घरात वडीलधाऱ्यांच्या दोषावरचं बोलणं कधी पुरं होत नाही. मधेच कुणीतरी चहा ठेवतं आणि विषय बदलतो.

रत्नाकरराव म्हणजे चंदनचे वडील. मूळचे साताऱ्याकडचे. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून बंगळूरला आले, बनशंकरीत घर बांधलं, निवृत्त झाले. आता घरातली माणसं हाच त्यांचा कारखाना.

माझा जन्म मला आठवत नाही. कुठे झाला ते डब्यावर लिहिलं होतं, तो डबा चंदनच्या आईने, हेमलताबाईंनी, रद्दीत घातला. आठवतं ते एस. पी. रोडवरचं संगणकाच्या भागांचं दुकान आणि चंदनचा हात. त्याने इंजिनिअरिंगचं कॉलेज सोडलं, लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ जोडून दिले, आणि त्या कमाईतून एकेक भाग आणून संगणक स्वतः उभा केला. बसवताना त्याने मला फुंकर मारून बघितलं. मी फिरलो. तो हसला. त्या घरात मी पाहिलेलं ते पहिलं हसू. दुसऱ्याला बराच वेळ लागला.

माझं काम समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. असलं तर उलट अवघड जातं, असं माझं मत झालंय.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. बिस्किटाएवढा. काम केलं की तो तापतो, जास्त काम केलं की जास्त तापतो. त्याच्यावर धातूचा ठोकळा बसवलेला असतो, खाली तांब्याचा तळ आणि वर पातळ पात्यांची जाळी. ठोकळ्याने उष्णता वर ओढायची आणि मी ती वाऱ्याने उडवून लावायची. तांबं आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक करडी पेस्ट लावतात. डोळ्यांना दोन्ही धातू गुळगुळीत दिसतात, पण त्यांना बारीक खळगे असतात. खळग्यांत हवा राहिली तर उष्णता अडते. पेस्ट ते खळगे भरते. दिसायला ती मळासारखी दिसते, हे मी नाकारत नाही.

किती जोरात फिरायचं हे मी ठरवत नाही. प्रोसेसर किती तापलाय ते, आम्ही सगळे ज्यावर बसलेलो असतो तो बोर्ड बघतो आणि मला सांगतो. हलकं काम असेल तर मी रेंगाळतो. जड काम आलं की धावतो, आणि धावताना आवाज करतो. म्हणजे काहीतरी बिघडलंय असं नाही. म्हणजे कुणीतरी काम करतंय.

रत्नाकररावांना हे पटणं शक्य नव्हतं. त्यांच्या हिशेबी शांत यंत्र ते चांगलं यंत्र. मुलांबद्दलही तेच.

संगणक हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. चंदनने काम लावलं की मी सुरू व्हायचो आणि सोफ्यावरून हाक यायची.

"चंदन, ते बंद कर. बातम्या ऐकू येत नाहीत."

"रेंडर लागलंय बाबा."

"काय लागलंय?"

"चित्रं तयार होतायत. एका मिनिटाच्या ॲनिमेशनला हजारभर चित्रं लागतात."

"चित्रं काढायला एवढा आवाज? आमच्या गल्लीत साईनबोर्डवाला होता. त्याच्या ब्रशचा आवाज मी जन्मात ऐकला नाही."

चंदन पडद्याकडे वळायचा. मीच काय तो बोलत राहायचो.

मग रत्नाकररावांनी अट घातली. दसऱ्यापर्यंत नोकरी लागली पाहिजे, नाहीतर पुन्हा कॉलेज. कॉलेजात त्यांच्या ओळखीचा माणूस होता आणि त्याच्याशी बोलणं आधीच झालेलं होतं. मुदत देण्याआधी निकाल ठरवून ठेवायचा, याला घरात शिस्त म्हणतात.

चंदनने हातपाय हलवले. एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या ॲनिमेशन स्टुडिओने त्याला बोलावलं, तेही खंडेनवमीच्या दिवशी. "सकाळी ये, ऑफिसात पूजा आहे, सगळे एकत्र भेटतील," असं तिथल्या यशश्री मॅडम म्हणाल्या. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

खंडेनवमीला या शहरात रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्यांना आंघोळ घालतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. रत्नाकररावांच्या सेक्शनमध्ये तर यंत्र उघडून आतून चकचकीत करायची पद्धत होती. सगळ्यांत लख्ख यंत्राचं बक्षीस ठरलेलं त्यांचंच. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे यंत्र उरलं नव्हतं. स्कूटर पुसून झाली, मिक्सर झाला, हेमलताबाईंचं शिलाई मशीन झालं. हात अजून शिवशिवत होते. मग त्यांची नजर आमच्याकडे वळली.

सोबतीला देवाप्पा होते, निपाणीकडचे, त्यांच्याच सेक्शनमधून निवृत्त झालेले. दर नवमीला येतात आणि सरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात.

"टॉर्च धर देवाप्पा. इकडे. स्वल्प वर."

"सरी सर," देवाप्पांनी कानडीत होकार भरला.

रत्नाकररावांनी माझी वायर काढली, मला ठोकळ्यासकट उचललं आणि खाली पाहून च्‌ च्‌ केलं.

"बघ हा मळ! ग्रीस वाळून खडा झालंय. ही पोरं वस्तू वापरतात, निगा शून्य."

"आजकालची पोरं सर. काय बोलायचं."

"हेमा, चिंच आण गं जरा!"

हेमलताबाईंनी वाटीत भिजवलेली चिंच आणली. देव उजळायला भिजवलेलीच होती. रत्नाकररावांनी तांब्याचा तळ चिंचेने घासला, धुतला, कोरडा केला. प्रोसेसरचं डोकं स्पिरिटच्या बोळ्याने लख्ख पुसलं. पेस्टचा कणही ठेवला नाही. माणूस कामाचा पक्का, हे मान्य करायला हवं. मग आम्हाला जागेवर बसवलं, कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचा हार.

"फ्याक्टरीची आठवण आली सर," देवाप्पा म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते.

चंदन दुपारी आला तो पूजेच्या प्रसादाची चुरमुऱ्यांची पुडी घेऊन आणि हसत.

"आई, माझं काम आवडलं त्यांना. उद्या संध्याकाळपर्यंत माझा एक सीन पुरा करून द्यायचाय. कुत्रा लिफ्टमध्ये अडकतो, तो. जवळजवळ झालेलाच आहे. आणखी एक मुलगा आहे, पण हा जमला तर नोकरी माझी."

"उद्या दसरा ना रे?"

"तो त्यांच्या परदेशातल्या गिऱ्हाइकाला उद्याच दाखवायचाय. त्याला कुठला दसरा?"

तो संगणकाकडे वळला तसा हात आडवा आला.

"आज नाही. पूजा झालीय. नवमीला हत्यार चालवायचं नसतं."

"बाबा, फक्त सुरू करून ठेवतो."

"उद्या दसऱ्याला सीमोल्लंघन कर ना. मुहूर्त आहे."

अर्धा दिवस मुहूर्तात गेला.

दसऱ्याच्या सकाळी चंदनने रेंडर लावलं. मी सुरू झालो आणि मला लगेच कळलं की घात झालाय. एरवी पारा हळूहळू सत्तरच्या पुढे जायचा आणि तिथे ठरायचा. आज तो बघता बघता शंभरला टेकला. बोर्ड मला म्हणाला, धाव. मी जीव तोडून धावलो. पण उष्णता माझ्यापर्यंत येतच नव्हती. ती खालीच, त्या चकचकीत तांब्याखाली अडकली होती. मी थंड जाळीवर वारा घालत होतो. जळत होता तो तळमजला आणि मी गच्चीवर पाणी मारत होतो.

एवढा तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला काम मंद करतो. चंदनने पडद्यावर आकडे पाहिले. चित्रं मुंगीच्या पावलाने येत होती. त्याने कॅबिनेटचं झाकण काढलं. आत धूळ नाही, मी फिरतोय, कुंकवाचं बोट लागलेलं. तो उठून सोफ्यापाशी गेला.

"बाबा, काल हे उघडलं होतंत?"

"वरवर पुसलं."

"पंखा काढला होता का? नीट सांगा. पंख्याखालचा ठोकळा उचलला होता?"

रत्नाकररावांनी पेपरचं पान उलटलं.

"नाही."

चूक मी समजू शकतो. चिंच समजू शकतो. हे एक 'नाही' मी समजू शकत नाही. 'हो' म्हणाले असते तर चंदनने नवीन पेस्ट आणली असती. ती लावायला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागतो. त्याच्या ओळखीत दोघांकडे ती होती. सीन दुपारपर्यंत पुरा झाला असता. पण बापाने नाही म्हटलं आणि पोराने विश्वास ठेवला. दोष माझ्यावर आला.

"हा पंखाच गेलाय," चंदन म्हणाला. त्याने टेबलफॅन आणून उघड्या कॅबिनेटसमोर लावला. मी ओरडत होतो. ओरडण्यापलीकडे मला भाषा नाही.

दुपारी सोनं द्यायला माणसं आली. देवाप्पा बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आले, सोन्यासारखे राहा म्हणाले. हॉलमध्ये आठ-दहा थोर मंडळी, बशीत श्रीखंड, आणि कोपऱ्यात मी.

"काय हो हा आवाज? गिरणी टाकली काय?" कुणीतरी विचारलं.

"चिरंजीवांचा उद्योग," रत्नाकरराव म्हणाले, आणि सगळे हसले. चंदन त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

तेवढ्यात प्रोसेसरने हार मानली आणि संगणक बंद पडला. मी थांबलो. हॉलमध्ये एकदम शांतता.

"हं," रत्नाकरराव म्हणाले. "आता कसं बरं वाटतंय."

चंदनने तो पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद पडला. संध्याकाळी यशश्री मॅडमचा फोन आला. फोन टेबलावर स्पीकरवर होता.

"चंदन, फाईल नाही आली रे."

"मॅडम, मशीन तापून बंद पडतंय. उद्या दुपारपर्यंत देतो."

"अरे, मशीनचं एक्स्क्यूज मी रोज ऐकते. दुसऱ्या मुलाने पाठवलंय. छान आहे. सॉरी हं. हॅपी दसरा."

त्यानंतर त्याने मला उपटून काढलं. फेकायलाच काढलं असावं. उलटं केलं आणि तळ पाहिला. तांबं देवघरातल्या ताम्हणासारखं झळकत होतं. त्याने त्यावरून बोट फिरवलं, पेस्ट कुठेच नव्हती. मग ठोकळा हातात घेऊन वडिलांसमोर उभा राहिला.

"पेस्ट पुसलीत तुम्ही."

"मळ होता तो."

"मी विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं. का नाही सांगितलंत?"

"बापाला त्या आवाजात विचारतात?"

"नोकरी गेली माझी."

"एका पेस्टने जाते ती नोकरी कसली? तीस वर्षं केली मी. अशी गेली नाही कधी."

"चंदन, पुरे," हेमलताबाई म्हणाल्या. "त्यांचं बीपी वाढतं. अहो, तुम्ही चहा घेता ना?"

त्या घरात एकाच माणसाचा पारा मोजला जातो.

चंदनने नवीन पेस्ट आणली आणि मला परत बसवलं. राग माझ्यावर काढला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. मी आता ठणठणीत आहे, पण काम उरलेलं नाही. संगणकावर रत्नाकरराव शेअरचे भाव आणि कुणीकुणी पाठवलेले सुविचार बघतात. तेवढ्याने प्रोसेसर कोमटही होत नाही. मी नावापुरता फिरतो. आल्या-गेल्याला ते माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "बघा, किती शांत चालतोय. निगा राखली की असं असतं."

तुम्हाला एकच सांगणं आहे. घरात कुणी मोठ्याने बोलू लागलं तर आवाज कमी कर म्हणण्याआधी खाली हात लावून बघा, काय जळतंय ते. आणि पोराने काही विचारलं तर खरं सांगा. वयाने त्यात सूट मिळत नाही.

नोकरी त्या दुसऱ्या मुलाला मिळाली. चंदन सोडलेल्या कॉलेजात पुन्हा जातो, आणि चित्रं काढत नाही.