खालच्या केकला ग्लिसरीन

एनिडबाईंनी फेब्रुवारीतच सांगून टाकलं होतं. खांबांवरचा एक शेवटचा केक करायचा, तो हॉलमध्ये सरळ उभा राहिलेला बघायचा, केकच्या दुकानाला कुलूप लावायचं आणि बहिणीकडे मोरकमला जाऊन समुद्राकडे तोंड करून बसायचं.

"आणि मी?" मी म्हटलं.

"तू फोनवर बघून शिकलास ना, रीस? मग पगारही फोनकडेच माग."

खरंय ते. मी कुठे शिकलेलो नाही. आधी टायरच्या दुकानात होतो, रात्री केकचे व्हिडिओ बघायचो, एक दिवस यांच्या काचेवर 'माणूस हवाय' अशी चिठ्ठी दिसली, आत गेलो. चार वर्षं झाली त्याला.

ऑर्डर टॅमसिनची होती, तिच्या स्वतःच्या लग्नाची. ती आजीच्या लग्नाचा फोटो घेऊन आली. एकोणऐंशी साल, तीन मजली पांढरा केक, मजल्यांमध्ये खांब, कडेला झालरीसारखी नक्षी. "सेम असाच हवा. आता हेच चालतंय सगळीकडे," ती म्हणाली. फोटोतला केक एनिडबाईंनीच केला होता. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या.

टॅमसिन गेल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि बूट काढले. "आधी खांब होते. मग म्हणाले, खांब म्हाताऱ्यांचे, लोखंडी तिरकं स्टँड आणा. मग साखरेची लिली. मग म्हणे केकच नको, कपकेकचा डोंगर रचा. मग तो नागडा केक. अख्खं गाव मला विचारत होतं, 'एनिड, आयसिंग संपलं होतं का गं?' मग चॉकलेटचे ओघळ. आता थर्माकोल."

थर्माकोल म्हणजे, चार मजल्यांपैकी तीन खोटे. नवरा-नवरीने कापायला एक खरा. पाहुण्यांना आत स्वयंपाकघरात साधा चौकोनी केक कापून द्यायचा. गेल्या उन्हाळ्यात आम्ही असे अकरा केले.

"सेहेचाळीस वर्षांनी फिरून खांबांवर आले," त्या म्हणाल्या. "आता माझी बोटं वळत नाहीत."

म्हणून नक्षी मी काढायची आणि त्यांनी मागे बसून शिव्या घालायच्या, असं ठरलं. "ही झालर आहे का? ही तर वाळत घातलेली चड्डी आहे. खरवड, परत काढ." अडीच महिने हेच. मनुका-बेदाण्यांचे केक मार्चमध्येच भाजून ठेवले होते, दर रविवारी त्यांना चमचाभर ब्रँडी पाजायची. वरचा मजला कापायचा नसतो, तो पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी डब्यात ठेवतात. डोरीनने, म्हणजे टॅमसिनच्या आजीने, तसाच ठेवला होता आणि टॅमसिनच्या आईच्या बाप्तिस्म्याला खाल्ला होता.

आता माझं सांगतो.

मला येतात ते मऊ केक. त्यांच्यात काठ्या खुपसायच्या, वरच्या मजल्याचं वजन काठ्या घेतात, वरून काय थापलंय याला काही महत्त्व नाही. मी एनिडबाईंनाही म्हटलं होतं, काठ्या घालू या. "काठ्या म्हणजे कुबड्या," त्या म्हणाल्या. "माझा केक स्वतःच्या पायावर उभा राहतो." खांबही त्यांचेच, जुने, प्लास्टरचे, भरीव. त्यांच्यातून काठी जातच नाही.

आयसिंग घोटायला सांगताना म्हणाल्या, "चमचाभर ग्लिसरीन विसरू नकोस, नाहीतर आयसिंग मऊ राहत नाही, लोकांचे दात पडतील." नाताळात खरंच एकाच्या दाताची टोपी निघाली होती. ती माझ्या डोक्यात बसलेली. मी तिन्ही मजल्यांना घातलं, आणि खालचा सगळ्यात मोठा म्हणून त्याला दोन चमचे.

लग्नाच्या शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये केक रचला. एनिडबाई निळा कोट घालून आल्या होत्या. केस सेट केलेले. त्यांनी खालच्या केकवर नखाने टकटक केलं. वरून खणखणीत वाजला. खांब ठेवले, मधला मजला, परत खांब, वरचा मजला. त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. शिवी नाही म्हणजे चांगलं झालंय, एवढं मला कळतं.

खुर्ची ओढून त्या समोर बसल्या. मी व्हॅनमधून चहा आणला.

"रीस," त्या म्हणाल्या. "मागचा डावा खांब बघ."

मी बघितला. खांबाभोवती केसाएवढी चीर. बघता बघता चिरेची कड वर आली आणि खांब खाली. पांढऱ्या चिखलात खुंटी रुतावी तसा. सगळ्यात वरचा मजला हळूच भिंतीकडे कलला.

"खालच्याला ग्लिसरीन घातलंस?"

"तुम्हीच म्हणालात..."

"खालच्याला कोण घालतं?" आवाज चढलाच नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं. "खालचा दगड लागतो. त्याच्यावर बाकीचे दोन मजले उभे असतात. हे काय सांगायचं असतं का, लेका?"

चर्चमधली मंडळी यायला अर्धा तास होता.

त्या उठल्या, कोट काढला, बाह्या सरसावल्या. दोघांनी मिळून वरचे मजले उतरवले. खांब उपसले तेव्हा खालच्या केकवर चार खड्डे दिसले. मी घाईघाईत त्यांच्यावर गुलाब काढले. गुलाब बरे आले. एनिडबाईंनी हॉलच्या स्वयंपाकघरातून चहापत्तीचे दोन डबे आणले, एक उंच, एक बुटका. त्यांच्यावर टेबलक्लॉथ टाकला. तीन केक, तीन उंचींवर, शेजारी शेजारी. खांब त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले.

टॅमसिन आली आणि किंचाळली. मला वाटलं, झालं.

"बापरे, किती वेगळं! वेगवेगळे ठेवलेत! मॅट, इकडे ये, फोटो काढ!" तिने नवऱ्याला हाक मारली.

डोरीन मात्र काठी टेकत टेकत अगदी जवळ आली. वाकून गुलाब बघितले. मग एनिडबाईंकडे बघितलं.

"खांब कुठे गेले गं?"

"फॅशन बदलली, डोरीन."

"कधी?"

"आत्ता. पावणेबाराला."

डोरीनने त्यांचा दंड दाबला आणि पुढे गेली. एनिडबाई केक कापायला थांबल्या नाहीत. व्हॅनमध्ये मी तीनदा सॉरी म्हणालो. "गाडी चालव," त्या म्हणाल्या.

सोमवारी मी दुकान आवरायलाच गेलो होतो. किल्ली परत द्यायची होती. तर दिवा लागलेला, आणि त्या स्टुलावर, पायातले बूट बाजूला, समोर आयसिंगच्या कृतीचं जुनं कार्ड. ग्लिसरीनच्या ओळीखाली पेनाने लिहीत होत्या, 'खालच्याला नाही.' बोटं वळत नव्हती म्हणून अक्षरं मोठमोठी.

"मोरकम?" मी विचारलं.

"बहिणीला कळवलंय, खोली दुसऱ्या कुणाला दे म्हणून. असा रुतलेला केक मागे ठेवून जाऊ का मी?" त्यांनी कपाळ चोळलं. "परत कुणीतरी खांबवाला मागेल. तोवर बसायचं."

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, किल्ली खिशातच राहिली याचं बरंही वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

फोन वाजला. मी घेतला. कुणीतरी टॅमसिनचा फोटो बघितला होता.

"काय म्हणतात?" एनिडबाईंनी विचारलं.

"तसाच हवाय. तीन वेगवेगळे, डब्यांवर. जूनमध्ये."

त्यांनी डोळे मिटले.

"घे लिहून," त्या म्हणाल्या. "आणि विचार, डबे कुठल्या चहाचे पाहिजेत."