मऊ मार

मी एक जुनी गादी आहे, मित्रांनो. झोपायची नव्हे, मारायची. आत जाड फोम, वरून निळं रेक्झिन आणि पाठीमागे हात अडकवायला दोन पट्टे, एवढाच माझा संसार. माणसाने पट्ट्यांत हात घालायचे, मला छातीपुढे धरायचं आणि समोरून पळत येणाऱ्या पोरावर जाऊन आदळायचं. पोराला दणक्याची सवय तर व्हावी, पण इजा होऊ नये, म्हणून मला मऊ बनवलेली. कारखान्यातून निघाले तेव्हा माझी कड न कड सरळ होती आणि मला स्वतःचा फार तोरा होता.

मी आले ती अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, एका लहान गावच्या शाळेत. गावाभोवती कॅटफिश माशांची तळी, मध्ये मासे सोलायचा कारखाना आणि गावाच्या टोकाला फुटबॉलचं मैदान. आमचा फुटबॉल पायांपेक्षा हातांचा जास्त. लांबगोल चेंडू एकाने फेकायचा, दूर पळत गेलेल्या गड्याने झेलायचा आणि त्याने झेलला रे झेलला की त्याला आडवं करायला समोरचे टपलेलेच. त्या झेलणाऱ्या गड्याला रिसीव्हर म्हणतात. शुक्रवारी मैदानावर दिवे लागले की दुकानांना कुलपं पडायची.

कोच पर्व्हिस रिसीव्हर पोरांना माझ्याकडे पाठवायचे. पोरं मला शिव्या घालायची आणि सामना जिंकला की येऊन थोपटायचीही. बरे दिवस होते ते.

मग रॉडरिक मॅगी आला. लांब हातापायांचा, बोलायला लाजणारा पोरगा. त्याला वडील नव्हते. आई वर्नेल कारखान्यात मासे सोलायची. बर्फाच्या पाण्यात राहून राहून तिची बोटं सुजलेली असत. आपल्या पोराने त्या कारखान्याचं दार पाहू नये, एवढंच तिचं मागणं होतं. तिचा भाऊ क्लीव्ह तळ्यांवर माशांचं खाद्य पोचवायचा आणि संध्याकाळी कोचच्या मदतीला मैदानावर यायचा. मला हातात धरणारा बहुतेक वेळा तोच असे.

रॉडरिक दोन हंगाम खेळला आणि त्यानंतरच्या वसंतात विद्यापीठाकडून हॅलोरन नावाचा पारखी आला. गावोगाव फिरून पोरं जोखायची, हा त्याचा धंदा. त्याने होकार दिला की शिक्षण, राहणं, जेवण, सगळं विद्यापीठाकडे. नाही म्हटला की आहेच कारखाना.

"दाखव हात," हॅलोरन म्हणाला. त्याने रॉडरिकची वीत मोजली आणि मान हलवली. "वीत भली मोठी आहे. पाय तर बघितलेच. आता मधून पळवा याला."

मैदानाच्या कडेने पळणाऱ्याला मार एकाच बाजूने येतो. मधून जाणाऱ्याला तो कुठूनही येतो. रिसीव्हरची खरी परीक्षा मध्ये, असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल. रॉडरिक पळाला, चेंडू आला, क्लीव्ह मला घेऊन बाजूने धावला. शेवटच्या क्षणी रॉडरिकची मान वळली. त्याने मला पाहिलं, खांदा आत घेतला आणि तो माझ्या कडेने निसटून गेला. चेंडू बोटांना लागून खाली पडला. पुन्हा तेच झालं, आणि त्यानंतरही तेच.

"कासव!" बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि पोरं हसली. ते त्याचं नावच पडलं होतं.

"पोरगं घाबरतं," हॅलोरन म्हणाला. "झेलायला शिकवता येतं हो कोच, पण हे शिकवता येत नाही."

"येतं की," क्लीव्ह मध्येच म्हणाला. "माझा भाचा आहे तो. उन्हाळाभर माझ्याकडे द्या."

हॅलोरनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हंगाम सुरू झाला की येतो मी. मान वळली नाही, तर बोलू."

खरं सांगते, मला त्या दिवशी रॉडरिकचा राग आला होता. माझा एकही दणका त्याला नीट बसला नव्हता. दोन हंगाम हा पोरगा मोठमोठ्या धिप्पाड पोरांमधून खेळला आणि अंगावर साधा वण नाही, हे कसं, असा प्रश्न ना हॅलोरनला पडला, ना कोचना. मग माझ्यासारख्या गादीला तो कुठून पडणार?

उन्हाळ्यात खाद्याचे ट्रक रिकामे झाले की क्लीव्ह मला घेऊन चर्चच्या मागच्या गवतावर यायचा. शेजारचा एक पोरगा चेंडू फेकायचा आणि आम्ही रॉडरिकवर तुटून पडायचो.

"मामा, बघितलंच नाही तर कळणार कसं, कोण कुठून येतंय ते?"

"कळून काय पूजा घालायचीय? येणारा येणारच. तू चेंडू बघ."

"आणि लागलं म्हणजे?"

"आत्ता लागलं का?"

"नाही."

"मग झालं तर."

पुन्हा दणका. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. लागत नव्हतं हे खरंच होतं. मी कशासाठी बनवलेली होते, ते मी करत होते.

एकदा वर्नेल तळलेले मासे आणि मक्याची भाकरी घेऊन आली. बराच वेळ डबा हातातच धरून ती उभी राहिली.

"क्लीव्ह, माझ्या पोराला घडवतोयस की नुसता बडवतोयस?"

"मला कुणी असं बडवलं असतं ना, तर मी आज माशांची पोटं भरत फिरलो नसतो," क्लीव्ह म्हणाला. त्यालाही याच मैदानावर एका पारख्याने नाकारलं होतं, याच कारणासाठी. हे तो कधी बोलायचा नाही, पण मला धरलेल्या त्याच्या हातांत ते असायचं.

"जेवून घ्या आधी," वर्नेल म्हणाली.

उन्हाळा सरता सरता रॉडरिकची मान वळायची थांबली. मी डावीकडून आले काय, पाठीमागून आले काय, त्याचे डोळे चेंडूवरून हलेनात. छाती उघडी, हात उंच, आणि तो ताठ उभा. आता प्रत्येक दणका नीट बसायचा आणि चेंडू हातातच राहायचा. "या गादीने पोराचं सोनं केलं," म्हणत कोच पर्व्हिसनी मला थोपटलं. पोरांनी कासव म्हणणं सोडलं. मी फुगून गेले होते.

हंगाम सुरू झाला आणि बोलल्याप्रमाणे हॅलोरन आला. मला बाकाशेजारी टेकवून ठेवलं होतं, त्यामुळे सगळं माझ्यासमोर घडलं. रॉडरिक पहिल्यांदा मधून गेला तेव्हा एका किरकोळ पोराने त्याला पाडलं, पण चेंडू सुटला नाही. हॅलोरन चालत क्लीव्हजवळ आला.

"काढलीस की रे भीती त्याची."

"म्हटलं होतं ना, साहेब."

"सामना झाला की त्याच्या आईला भेटव मला."

क्लीव्हने मागे वळून वर्नेलला अंगठा दाखवला. तिने सुजलेली बोटं तोंडावर धरली. त्या घरातल्या माणसांना मी इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही पाहिलं नाही.

मग तो चेंडू आला. मधोमध, आणि जरा जास्तच उंच. समोरच्या संघाचा एक दांडगा गडी दुरून धावत सुटला. तो मला दिसला, कोचना दिसला, वरच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना दिसला. रॉडरिकला मात्र दिसला नाही. तो हात उंच करून, मान लांब करून हवेत होता आणि त्याचे डोळे चेंडूवर होते. आम्ही शिकवलं होतं तसंच सगळं.

त्या आवाजाबद्दल मी काही सांगणार नाही. मी जन्मभर दणके दिले, पण तसला आवाज माझ्यातून कधी निघाला नव्हता.

चेंडू त्याच्या अंगाखाली सापडला. पंचाने झेल पूर्ण झाल्याची खूण केली आणि सगळं गाव उठून टाळ्या वाजवू लागलं. वर्नेलही वाजवत होती. रॉडरिक उठला नाही. एकेका बाजूच्या टाळ्या थांबत गेल्या.

"झेल नाही सोडला त्याने," हॅलोरन हळूच म्हणाला आणि त्याने टोपी काढली. क्लीव्ह तोवर मैदानात धावला होता.

मानेचं हाड मोडलं होतं. जीव वाचला, पण खांद्यांखालचं शरीर पुन्हा त्याचं झालं नाही. हॅलोरन एकदा इस्पितळात येऊन विद्यापीठाची टोपी उशाशी ठेवून गेला. मग तो दुसऱ्या गावी गेला. पोरं सगळीकडेच असतात.

मला शाळेच्या शेडमध्ये टाकलं. उंदरांनी माझी एक कड कुरतडली. पुढच्या हंगामात नवी लाल गादी आली आणि फटीतून मला ऐकू यायचं, "लागलं का? नाही ना? मग पळ पुन्हा."

पुढे एका दुपारी क्लीव्ह शेडमध्ये आला. रॉडरिकला घरी आणलं होतं. पडून पडून त्याच्या टाचांना जखमा होऊ लागल्या होत्या आणि पायांखाली जाड, मऊ काहीतरी ठेवा, असं नर्स सांगून गेली होती. क्लीव्हने मला काखेत मारलं आणि घरी नेलं.

वर्नेल दारातच आडवी आली. "ती वस्तू माझ्या घरात आणू नकोस."

"याच्याइतकं मऊ दुसरं काही नाही मिळालं, वर्नेल."

"नको म्हटलं ना."

"येऊ दे गं आई," आतून रॉडरिक म्हणाला. "आता नाही लागायची ती मला."

वर्नेल दारातून बाजूला झाली. क्लीव्हने तिचीच मासे कापायची सुरी घेऊन माझे दोन तुकडे केले, त्यांवर जुनी चादर शिवली आणि तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. अंधार पडला तरी तो आत आला नाही.

मित्रांनो, एखादं पोर घाबरलं तर त्याला हसू नका आणि त्याची भीती काढायची घाईही करू नका. आधी त्याला विचारा, तुला काय दिसतंय? रॉडरिकला दिसत होतं. त्याला सगळ्यांत जास्त दिसत होतं, आणि तेच आम्ही खोड म्हणून काढून टाकलं. मार मऊ असतो, ही एकच गोष्ट मी त्याला शिकवली, आणि ती खोटी होती.

आता त्याच्या टाचा माझ्यावर असतात. वर्नेल कामावर जाण्याआधी त्याचे पाय उचलते, कातडी तपासते, मला झटकते आणि पाय पुन्हा माझ्यावर ठेवते. रॉडरिक छताकडे बघत असतो.

"आई, ठेवलेस का पाय?" तो विचारतो.

"ठेवले, बाळा."