निळ्या गोळ्यावरची अक्षरं

“हा चहा म्हणायचा की भांडी विसळलेलं पाणी?” सासूची बहीण वनीसाच्या कानाशी पुटपुटली. धाकट्या दिराच्या, मसऊदच्या कबरीची माती अजून ओली होती आणि मावशीला चहाला फेस हवा होता.

वनीसा मिसराता शहरातल्या शाळेत रसायन शिकवायची. लढाईनंतर तोफगोळे नवऱ्याच्या, मिफ्ताहच्या भंगारात येऊ लागले, तेव्हा निळ्या गोळ्यांवरचा ‘इनर्ट’ हा इंग्रजी शब्द तिनेच मिफ्ताहला उलगडून सांगितला होता. ज्याची कशाशी क्रिया होत नाही ते. दिव्यात भरतात तो वायू इनर्ट, आणि पोटात दारू नसलेला, सरावाचा गोळाही इनर्ट.

मिफ्ताहला शब्द फार आवडला, कारण तो लिहिलेला माल लोखंड वितळवणारे भट्टीवाले तपासत नसत. त्याने डब्याचा पत्रा कापून त्या अक्षरांचा छाप केला आणि येईल त्या गोळ्याला निळा रंग फासून तो उठवू लागला. आधी रिकामे करतो म्हणायचा. काही केले असतीलही. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटा मसऊद तेवढा बेनगाझीला होता. परत आल्यावर त्याने गोळ्यावरचा शब्द वाचला आणि निर्धास्तपणे गॅसकटर लावला. त्याचा हात विजेच्या तारेवर सापडला. बाकीचं चादरीत गोळा केलं.

आता अंगणात तो गोळा विकणारा फरज खांबाला बांधलेला होता आणि मिफ्ताह त्याला लोखंडी कांबीने झोडपत होता. गुडघा केव्हाच फुटला होता. तोंडातून रक्ताबरोबर दात गळत होते.

“मिफ्ताहभाऊ, मला वाचता येत नाही रे, ती अक्षरं मी कुठून लिहिणार?” फरज म्हणाला.

“विकता बरं येतं!”

कांब पुन्हा बसली. दुखवट्याच्या मांडवातले चुलते आपल्या पायांकडे बघत राहिले. दारात सासू तसबीचे मणी ओढत जप करत होती. वनीसाने तिच्याकडे पाहिलं, तशी म्हातारीने तोंड फिरवलं. मिफ्ताहने कांब टाकली आणि भिंतीला टेकलेली बंदूक उचलली.

वनीसाने चहाची किटली खाली ठेवली आणि जाऊन नळी धरली. त्याने बंदुकीचा दस्ता तिच्या गालफडावर हाणला. ती पडली, उठली, पुन्हा नळी धरून उभी राहिली. तोंडातलं रक्त तिने थुंकून टाकलं.

“अर्थ मी सांगितला, मिफ्ताह. अक्षरं तुझ्या हातची आहेत. मसऊदला तू मारलंस.”