सोबती नामंजूर

“मोबाईल बाहेर ठेवा, भाऊ. अन् गळ्यातला पक्षाचा दुपट्टा काढा.”

हे आपल्यालाच सांगितलं जातंय, हे आधी बबनरावांच्या डोक्यातच शिरेना. केळापूरकडच्या एका शाळेचे ते संस्थाचालक, आणि सांगणारे नेमसिंग आडे त्याच शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारे मास्तर. पण आज विधानसभेचं मतदान होतं, मास्तर केंद्राध्यक्ष होते, आणि संगणकानं शेकडो केंद्रांतून नेमकं राळेगाव तालुक्यातलं बबनरावांचं मूळ गाव मास्तरांच्या पदरात टाकलं होतं. काल साहित्य घेताना कागदावर गावाचं नाव वाचलं, तेव्हापासून मास्तरांच्या मनात उकळ्या फुटत होत्या.

बबनरावांनी दुपट्टा खिशात कोंबला, मत दिलं आणि ते बाहेर गेले. मास्तरांना जरा चुटपुट लागली. पाच वर्षं जपलेला डूख एका दुपट्ट्यावर कसा भागणार?

मागच्या विधानसभेच्या वेळची गोष्ट. आठवीच्या वर्गात मास्तर निवडणूक आयोग शिकवत होते. संविधानाचं कलम तीनशे चोवीस. एक मुख्य आयुक्त आणि राष्ट्रपती ठरवतील तेवढे इतर; सध्या मिळून तिघं. मुख्य आयुक्ताला हात लावणं सोपं नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढावं तसं काढावं लागतं, संसदेची दोन्ही सभागृहं लागतात. शिकवण्याच्या भरात मास्तर म्हणाले, “घरी सांगा पोरांनो, कोणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मत द्यायचं नसते.” त्या साली बबनरावांचे सख्खे भाऊ उभे होते. पुढच्या तासाला शिपाई आला, त्यानं मास्तरांच्या हातातला खडू काढून घेतला आणि पोरांदेखत दंडाला धरून त्यांना वर्गाबाहेर नेलं. मुख्य आयुक्ताला काढायला संसद लागते, मास्तरांना काढायला एक शिपाई पुरला! पुढची दोन वर्षं ते पोषण आहाराच्या तांदळाशेजारी भांडारखोलीत बसले आणि नागरिकशास्त्र ड्रिलमास्तरांनी शिकवलं. पोरं खिडकीतून डोकावून हसायची. ते हसणं मास्तरांना अजून ऐकू यायचं.

बबनराव परत आले ते एका म्हातारीचं मनगट धरून.

“हे माही माय, इंदूबाई,” ते म्हणाले. “तिले दिसत नाई. सोबती म्हणून मी जातो आत. फारम काढ.”

“दरवेळी तुम्हीच जाता?”

“मंग! वीस वर्षं झाले, मीच बटन दाबतो.”

“मले दिसते,” म्हातारी मध्येच म्हणाली.

“माय, गुमान राह्य!”

मास्तर खुर्चीतून उठले. “भाऊ, सोबती द्यायचा का नाई, हे केंद्राध्यक्ष ठरवते. मले खात्री करा लागते. तुम्ही दाराबाहेर थांबा.”

“आडे, सोमवारी शाळेत यायचं हाय तुले!”

“सोमवारचं सोमवारी. निकाल लागेपर्यंत मी तुमचा मास्तर नाई, आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर हाय. तिथली तीन माणसं दिल्लीत बसून राह्यली. या खोलीत आयोग म्हणजे मी.” हे वाक्य मास्तरांनी काल रात्री चारदा घोकलं होतं. मग त्यांनी पोलिसाला खूण केली. “यांना बाहेर न्या.”

पोलिसानं बबनरावांच्या दंडाला धरलं. गावातली तीसचाळीस माणसं रांगेतून बघत होती. मास्तरांना इतकं गोड कधीच काही लागलं नव्हतं.

खोलीतले सगळे दाराकडे वळून ती झटापट बघत असताना मास्तरांनी म्हातारीसमोर हात धरला. तीन बोटं.

“आजी, किती बोटं?”

म्हातारीची मान हाताकडे नव्हतीच, खिडकीकडे होती. “दोन,” ती म्हणाली.

फॉर्म समोरच होता. सही घ्यायची, बबनरावांना आत बोलवायचं, म्हणजे ते मिशीत हसत येणार. उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या माना परत वळल्या तोवर मास्तरांनी एक बोट दुमडलेलं होतं.

“बरोबर. दोन,” ते मोठ्यानं म्हणाले. “यांना दिसते. सोबती नामंजूर.”

इंदूबाई टेबलाची कड धरून पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेल्या. यंत्राचा आवाज येईना. एक मिनिट गेलं, दोन गेली. आडोशामागं कोणालाच जायची सोय नव्हती, मास्तरांनाही. बाहेरून बबनराव ओरडत होते, “वरून दुसरं, माय! दुसरं!” रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. आणि मग लांबलचक बीप वाजला.

म्हातारी चाचपडत मास्तरांच्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, “खरं सांग रे बापा, किती होते?”

“तीन,” मास्तर पुटपुटले.

“मंग बरोबर काहून म्हणलं?”

मास्तरांनी समोरचा कोरा फॉर्म फाइलीत सारला.

“बबनवर राग हाय तुहा?”

“हाय.”

“मले बी हाय. माह्या नावाचं मत वीस वर्षं त्यानं देल्लं. आत घेऊन जाये अन् भिंतीकडं तोंड करून उभी करे.” ती वाकली. “आज कोन्तं बटन दाबल्या गेलं, मले ठाव नाई. हाताले लागलं ते दाबलं. पन बोट माहं होतं.”

ती भिंतीला हात लावत लावत दाराशी गेली. बबनरावांनी तिचं मनगट पकडलं.

“माय, कोन्तं दाबलं?”

“ते सांगाचं नसते,” इंदूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मनगट सोडवून घेतलं.

सोमवारी शिपाई पुन्हा वर्गात येणार, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. बबनराव आत्ता पुन्हा रांगेत उभे राहिले असते, तर त्यांनी पुन्हा तेच केलं असतं.

सहाला मतदान संपलं, यंत्रं सील झाली आणि मास्तर केंद्राध्यक्षाची दैनंदिनी भरायला बसले. सोबती घेतलेल्या मतदारांची संख्या: निरंक. खालचा रकाना होता, केंद्रावर नियमभंगाची काही घटना घडली काय. पेन त्या रकान्यावर बराच वेळ थांबलं. प्रतिनिधी सह्यांसाठी खोळंबले होते. मग फळ्यावर काढायचे तशा वळणदार अक्षरात मास्तरांनी लिहिलं, ‘नाही.’